वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे

डिचोलीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. टी.वाय. फिजिक्सला आहे. प्रश्न थोडक्यात असा: "मला समुद्राच्या आणि हवामानाच्या मॉडेलिंगमध्ये संशोधन करायचं आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा एमसीए कर. या कामात आयुष्यभर नेमकं करतात काय? कोडिंगच ना? आणि आता एआय अंदाज द्यायला लागलं, मग हे काम टिकेल का?"

तीसेक वर्षं दोनापावलच्या पठारावर बसून मी हेच केलं, त्यामुळे उत्तर लांबणार.

कोडिंग लागतं, स्वयंपाकाला गॅस लागतो तसं. पण गॅस पेटवता येतो म्हणून कोणाला माशाचं हुमण जमत नाही. समुद्राचं मॉडेल म्हणजे मुळात एक मोठा हिशेब. न्यूटनचे नियम, पृथ्वी फिरते म्हणून येणारं कोरिऑलिस बल, पाण्याचं तापमान आणि खारेपणा, त्यांवरून ठरणारी घनता, एवढी समीकरणं घ्यायची. समुद्राचे चौकोनी डबे पाडायचे. प्रत्येक डब्यातलं पाणी पुढच्या क्षणी कुठे सरकेल, किती तापेल, याचा हिशेब मांडायचा. मग त्याच्या पुढचा क्षण, मग त्याच्याही पुढचा. डब्याच्या आत काय चाललंय ते मॉडेलला दिसत नाही. त्याला एका डब्यासाठी एकच आकडा माहीत असतो.

याचा अर्थ काय होतो ते आपल्याच भागात बघ. पणजी ते बेळगाव हवाई अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. हवामानबदलाच्या अभ्यासासाठी वापरलेल्या कित्येक मॉडेलांचा डबा १०० किलोमीटरचा असतो. म्हणजे मिरामारचा किनारा, तुझी डिचोली, चोर्ला घाट आणि बेळगावचा बाजार हे सगळं एकाच डब्यात मावू शकतं. पणजीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बेळगावला त्याच्या निम्म्याहूनही कमी. मॉडेलने त्या डब्याला कुठला आकडा द्यायचा? सह्याद्री त्याच्या नजरेत उभी भिंत नसून एक पसरट टेकाड असतं. अशा मॉडेलवरून "अमुक साली गोव्यात इतका टक्के पाऊस वाढणार" अशी बातमी छापून आली की मी पुढचं पान उलटतो.

मग डबे लहान का करत नाही, असं तू विचारशील. चार हजार मीटर खोल समुद्रात लांब लाट सेकंदाला सुमारे २०० मीटर धावते. डबा १० किलोमीटरचा असेल तर तो ओलांडायला तिला ५० सेकंद लागतात. हिशेबाचं पाऊल त्याहून मोठं टाकलं तर आकडे फुगत जातात आणि मॉडेल फुटतं. (ही लाट वेगळी काढून तिचा हिशेब स्वतंत्र करायच्या युक्त्या आहेत, पण त्या नंतर शिकशील.) हा नियम कूरां, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ साली मांडला, म्हणजे ज्या यंत्रावर तो पाळायचा ते यंत्र जन्माला यायच्या आधी. आता डबा निम्मा कर. पूर्व-पश्चिम डबे दुप्पट, उत्तर-दक्षिण दुप्पट, पावलं दुप्पट. काम आठपट झालं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' आणि नोएडात 'अरुणिका' असे महासंगणक २०२४ साली आले, तरी मॉडेल साऱ्या जगासाठी शंभर वर्षं चालवलं (याला आम्ही 'रन' म्हणतो) तर त्यात मांडवीच्या पात्राच्या वाट्याला अजून एक डबासुद्धा येत नाही.

म्हणून या धंद्यात खरं कसब एकच: मोठ्या यंत्राला लहान प्रश्न विचारता येणं. माझं सगळं उत्तर याभोवतीच आहे.

स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये समुद्र आणि वातावरण एकत्र जोडलेलं पहिलं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यांच्या पृथ्वीवर खरे खंडही नव्हते; गोलाचा एक तुकडा, त्यात अर्धा समुद्र, अर्धी जमीन. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या मॉडेलच्या तुलनेत ते खेळणं होतं, पण त्याला विचारलेला प्रश्न नेमका होता.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. नव्या नोकरीत होतो तेव्हा मोरजीच्या एका वृद्ध रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्याने, मला सांगितलं होतं की दिवाळीनंतर वारा उत्तरेकडून येतो, पण पाण्याची ओढ उत्तरेकडे असते. भरती-ओहोटीचं पुढे-मागे सोडून दे, एकूण पाणी वर जातं. त्याला त्यात काही नवल वाटत नव्हतं. जाळं कुठून टाकायचं एवढाच त्याचा मतलब. नवल मला वाटलं, कारण पुस्तकाप्रमाणे वारा पाण्याला ढकलतो. पावसाळ्यात ते बरोबर जमतं: किनाऱ्याच्या दिशेने वाऱ्याचा जोर दक्षिणेकडे असतो, आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाहही दक्षिणेकडे जातो, खालचं थंड पाणी वर येतं. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच प्रवाह वाऱ्याच्या तोंडावर उत्तरेकडे चालतो.

हे कोडं माझं नव्हे. दोनापावलच्याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजावरून मोजमापं घेऊन हा हिवाळी प्रवाह दाखवला होता. त्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी मिसळलेलं होतं, म्हणजे पाणी श्रीलंकेला वळसा घालून इथवर आलं होतं. पण त्याला आणलं कोणी? इथे मॉडेल कामाला येतं. खऱ्या समुद्रावर प्रयोग करता येत नाही. बंगालच्या उपसागरावरचा वारा तू बंद करू शकत नाहीस. मॉडेलमध्ये करू शकतोस, एका ओळीत.

वेगवेगळ्या गटांनी हेच केलं. आधी सगळे वारे लावून मॉडेल चालवलं. मग फक्त अरबी समुद्राचे वारे. मग फक्त उपसागराचे, मग फक्त विषुववृत्ताजवळचे. आपल्याकडचा वारा ठेवून बाकीचे काढले की हिवाळी प्रवाह नीट उभा राहत नाही. पूर्व किनाऱ्यावर हंगामाचा वारा फिरला की तिथे पाण्याच्या आत एक लाट उठते. डोळ्यांना ती दिसत नाही. पृष्ठभाग थोडासाच वर येतो, आतला गरम-थंड पाण्याचा थर मात्र बराच खाली जातो. तिला किनारी केल्विन लाट म्हणतात. उत्तर गोलार्धात ती किनारा उजव्या हाताला ठेवून चालते. म्हणून चेन्नईकडून दक्षिणेला, श्रीलंकेला वळसा घालून, केरळ-कर्नाटकावरून वर गोव्याला. वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास, दिवसाला दोनशे किलोमीटर. दहा-पंधरा दिवसांत तिकडची बातमी इकडे पोचते. पुढच्या प्रयोगांत तर श्रीलंकेजवळच्या आणि भारताच्या दक्षिण टोकावरच्या वाऱ्यांचा वाटा बराच मोठा निघाला. हिशेब अजून सुधारतोच आहे.

मोरजीच्या पाण्याचं कारण मोरजीत नाही, हे मला कागदावर पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी जेवायला जायचं विसरलो. तीस वर्षांत असे दिवस चार-पाचच आले. बाकीच्या दिवसांचं काय, तेही सांगतो.

बाकीचे दिवस चुका शोधण्यात जातात. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या मॉडेलमध्ये प्रवाह अगदीच मरतुकडा येत होता, मोजमापाच्या जेमतेम एक दशांश. मी ठरवलं की मॉडेलमधलं घर्षण जास्त झालंय. व्हिस्कॉसिटीचा आकडा कमी करत गेलो. कमी करता करता मॉडेल फुटलं. मग किनाऱ्याजवळचे डबे बदलले. तोपर्यंत डोक्यात एक सिद्धान्तही तयार झाला होता, आपल्या किनाऱ्यालगतचा उथळ भाग प्रवाहाची शक्ती कशी खातो याचा. दोन पानं लिहूनसुद्धा झाली होती, आणि वाचायला बरी होती. सहा आठवडे असे गेल्यावर एका वरिष्ठांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत विचारलं, "वाऱ्याचं एकक कुठलं दिलंयस?" ते जुनं मॉडेल सेंटिमीटर-ग्रॅममध्ये चालायचं. मी वाऱ्याचा जोर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये दिला होता. दोन्हींत नेमका दहाचा फरक. सिद्धान्ताची ती दोन पानं मी फाडली नाहीत. नवा विद्यार्थी आला की दाखवतो.

यात चुकीपेक्षा वाईट गोष्ट वेगळी होती: मला कारण सापडलं होतं. मॉडेल चुकलं की माणसाला कारण लगेच सापडतं, आणि ते शास्त्रीय वाटतं. म्हणून आकडा वेगळा आला की तीन शक्यता ठरलेल्या क्रमाने तपासायच्या. मी चुकलो का. मोजमाप चुकलं का. आणि दोन्ही नसेल तरच समुद्र काही वेगळं सांगतोय का. बहुतेक वेळा गाडी पहिल्याच स्टेशनावर थांबते.

मोजमाप चुकलं का, हे कळायला जहाजावर जायला हवं. मॉडेलवाल्यांना हे आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं. संशोधनाची जहाजं आपल्याकडे आहेत: 'सागरकन्या' १९८३ मध्ये आलं, 'सिंधू साधना' २०१४ मध्ये. कुठल्याही जहाजावर एकदा तरी जा, आणि शक्यतो जुलैत. सीटीडी नावाचं, पाण्याचा खारेपणा, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र तारेवरून तीन हजार मीटर खाली सोडायचं आणि वर घ्यायचं, यात दोन तास जातात. पहाटे तीनला डेकवर पाऊस, पोटात काही टिकत नाही, आणि विंचवरचा माणूस शांतपणे विडी ओढतोय. त्यानंतर आलेखावरचा एक ठिपका तू कधी सहज पुसून टाकणार नाहीस, आणि त्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवणार नाहीस. आता आर्गो फ्लोट्स नावाची हजारो तरंगती यंत्रं जगभरच्या समुद्रात दर दहा दिवसांनी २००० मीटर खाली जाऊन आपोआप आकडे पाठवतात, त्यामुळे डेटा खूप झाला. पण ते उथळ किनाऱ्याजवळ चालत नाहीत. आपल्यासारख्या किनारपट्टीवर अजूनही माणसालाच जावं लागतं. मूरिंग, म्हणजे तळाला नांगरलेली मोजमापाची यंत्रं, टाकून यावी, आणि एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात ती अडकू नये म्हणून देवाला नारळ ठेवावा.

मॉडेलला इथे काय जमत नाही याचा एक नमुना देतो. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालून थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी चढतं, आणि वर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर बसतो, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा. हवेतला प्राणवायू खाली जात नाही. सप्टेंबरच्या सुमारास तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. कांदोळीसमोर आपल्याच शास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षं मोजलंय. सय्यद नक्वी आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख २००० साली 'नेचर'मध्ये आला. तो झाकणाचा थर काही मीटरच जाड असतो. मॉडेलचा सगळ्यात वरचा डबाच दहा मीटरचा असेल तर झाकण गायब, आणि पुढचं सगळं गणित चुकीच्या बाजूला. मासळीवर याचा परिणाम होतो, त्यामुळे हा नुसता पुस्तकी प्रश्न नव्हे. तुमच्या पिढीला इथे भरपूर काम आहे.

एक गैरसमज घरच्यांसाठी. हवामानाचं मॉडेल करणारा म्हणजे उद्याचा पाऊस सांगणारा, असं सगळ्यांना वाटतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्याजवळून गेलं तेव्हा माझ्याकडे सगळ्या नातलगांचे फोन. मी सगळ्यांना हवामान खात्याचं बुलेटिन वाचून दाखवलं. त्याहून जास्त मला काही ठाऊक नव्हतं. अंदाज देणाऱ्याला आजची स्थिती अचूक लागते. मी ज्यात काम केलं त्यात प्रश्न वेगळा: समुद्र तापला, वारे बदलले, तर अशा वादळांच्या हंगामाचा स्वभाव कसा बदलेल. दोन्हींची समीकरणं बरीचशी एकच, पण धंदे दोन.

पैशाचं आणि नोकरीचं. एम.एस्सी. फिजिक्स किंवा गणित कर. समुद्रशास्त्रातही चालेल, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात तो विभाग आहेच. पण फ्लुइड डायनॅमिक्स आणि डिफरेन्शियल इक्वेशन्स पक्के हवेत, ते नंतर शिकायला फार जड जातात. नेट किंवा गेट द्यावी लागेल. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे काही वर्षांचं हंगामी संशोधन, तेही बहुधा बाहेरगावी किंवा परदेशी. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटून जाते, आणि जागा कमी आहेत हे घरी स्पष्ट सांग. दोनापावलची संस्था १९६६ पासून आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे, हैदराबादला समुद्राची माहिती पुरवणारं इन्कॉइस, पुण्याला आयआयटीएम, बंगळुरूला आयआयएससी. गोव्यातच राहायचं हा हट्ट धरलास तर पर्याय दोन-तीनच उरतात. माझ्या बरोबरीचे काही जण मध्येच विमा कंपन्यांत आणि पवनऊर्जेच्या कंपन्यांत गेले; ते माझ्यापेक्षा जास्त कमावतात, आणि एक-दोघे अजून रविवारी मला मॉडेलबद्दल विचारायला फोन करतात.

एमसीए करून या कामात येता येतं का? येतं, आणि अशा माणसांची गरजही आहे. मॉडेल हजार प्रोसेसरवर पळवणं हे वेगळंच शास्त्र आहे. पण मग प्रश्न दुसऱ्याचा आणि रन तुझा, असं होईल. तुझी चिठ्ठी वाचून मला वाटलं, तुला प्रश्न विचारायचे आहेत. भाषा म्हणशील तर पायथन तुला येतच असेल. फोरट्रानला हसू नकोस. १९५७ ची भाषा, पण बहुतेक मोठी मॉडेल्स अजून तिच्यातच आहेत.

एआयचं. गेल्या काही वर्षांत मशीन लर्निंगची मॉडेल्स दहा दिवसांच्या हवामान अंदाजात जुन्या मॉडेलांच्या बरोबरीला आली, काही बाबतींत पुढेही गेली. हे खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण ती शिकली कशावर? बहुतेक सगळी युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या ईआरए५ या जुन्या हवामानाच्या आकड्यांच्या संचावर, आणि तो संच जुन्या पद्धतीच्या भौतिक मॉडेलमध्ये मोजमापं मिसळूनच तयार होतो. समुद्राच्या आतला डेटा तर त्याहून तोकडा. आर्गो येऊन पंचवीसेक वर्षंच झाली. अजून न पाहिलेला, आजच्यापेक्षा तापलेला समुद्र कुठल्याही डेटात नाही. आणि मुख्य म्हणजे, बंगालच्या उपसागरावरचा वारा बंद केला तर मोरजीत काय होईल, हे तू अशा मॉडेलला विचारलंस तर ते काहीतरी उत्तर देईल, पण ते का, हे तुला पडताळता येईल याची खात्री नाही. झाकणाच्या थरासारख्या ठिकाणी मात्र ही साधनं भौतिक मॉडेलच्या आत बसवायचं काम जोरात चालू आहे. त्यात तरुण लागतात. आम्हा म्हाताऱ्यांना ते जमत नाही.

आता तुला एक काम देतो. मोठं मॉडेल डाउनलोड करू नकोस. मांडवीचं एकमितीय मॉडेल लिही: नदीच्या पात्राचे मुखापासून वरपर्यंत आडवे काप देऊन शंभर तुकडे, प्रत्येकाची रुंदी नकाशावरून, खोली अंदाजे, मुखाशी मुरगावच्या भरतीच्या तक्त्यातला आकडा. हे लॅपटॉपवर मिनिटात पळतं. एक गंमत त्यात लपलेली आहे. मांडवीत भरतीची उंची मुखापासून जवळपास चाळीस किलोमीटर आतपर्यंत फारशी कमी होत नाही, आणि मग वर गांजे गावाकडे जाता जाता पटकन मरते. वर जाताना पात्र अरुंद होतं, त्याने लाट वाढायला हवी. तळाच्या घर्षणाने ती कमी व्हायला हवी. दोघांची बराच वेळ बरोबरी राहते. तुझ्या मॉडेलमध्ये घर्षण शून्य करून बघ. मग रुंदी सगळीकडे सारखी ठेवून बघ. वारा बंद करण्याचाच हा लहान प्रकार.

त्याआधी आमोणेच्या पुलावर जा. पौर्णिमेपासून अष्टमीपर्यंत रोज पाणी सगळ्यात वर कधी येतं ती वेळ वहीत लिही, खांबावरच्या खुणेने उंचीही. पाच मीटर खोली धरली तर भरतीची लाट सेकंदाला सात मीटर, ताशी पंचविसेक किलोमीटर चालायला हवी. मुखाशी भरती झाल्यावर तुझ्याकडे ती किती उशिरा पोचते, ते आधी या आकड्यावरून काढ, मग वहीतल्या वेळांशी ताड. जुळणार नाही. का जुळत नाही ते मला लिहून कळव, पण घाईने नको. आणि हे जूनमध्ये सुरू करू नकोस. वरून येणारं पावसाचं पाणी सगळा हिशेब बिघडवतं. दिवाळीनंतर कर.